अणूंचा शेजार आणि अनुभवाची हद्द

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर तोरणमाळला होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बौद्धिक सत्रात रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी भिंतीवर एक चित्रफीत दाखवली. पाण्याचे काहीशे रेणू एका अदृश्य पेटीत धडपडत होते, एकमेकांना धरत होते, सोडत होते. सरांनी सांगितले, की हे दृश्य कोणी चितारलेले नाही. कोणत्या अणूवर किती बल पडते हे एका यंत्राने उदाहरणांवरून शिकून घेतले आणि त्यावरून प्रत्येक अणूची पुढची जागा मोजत मोजत हे पाणी 'वाहते' झाले. बाहेर यशवंत तलावातही या घडीला हेच चालले आहे, असेही ते म्हणाले. त्यावर मागच्या रांगेतून, धडगावकडच्या एका पाड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे पाणी कोणत्या महिन्यातलं?"

हशा पिकला. ज्या मुलांच्या घरी मे महिन्यात नाल्यातला झिरा उपसून हंडा भरावा लागतो ती मात्र हसली नाहीत. सरही हसले नाहीत. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "यंत्राला ज्या तापमानांची, ज्या दाबांची उदाहरणं दाखवली, त्यांच्या आसपासचंच त्याला कळतं. दुसऱ्या महिन्याचं विचारायचं, तर आधी तो महिना दाखवावा लागेल."

मराठीच्या प्राध्यापिकेने अणुरेणूंवर लिहावे, हे काही वाचकांना अतिक्रमण वाटेल. परंतु त्या उत्तराने मला माझी एक जुनी चूक दाखवली, आणि ती चूक माझ्या एकटीची नसून आपल्या समीक्षाव्यवहाराची आहे, असे माझे मत झाले आहे. ते मांडण्यासाठी आधी हा विषय, मला समजला तेवढा, सांगायला हवा.

रेणूंच्या सिम्युलेशनची कल्पना वरवर साधी आहे. पदार्थातले अणू कुठे आहेत हे ठाऊक असले आणि प्रत्येकावरचे बल काढता आले, तर न्यूटनच्या नियमाने तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे सांगता येते. हा 'क्षण' साधारण एका फेम्टोसेकंदाचा असतो. म्हणजे एका सेकंदात असे क्षण किती, तर एकावर पंधरा शून्ये! अशी लक्षावधी पावले टाकली की पदार्थ हलू लागतो. या विद्येच्या आरंभी हैदराबादचे एक नाव आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. अनीसुर रहमान यांचा जन्म हैदराबादला १९२७ साली झाला. ज्या उस्मानिया विद्यापीठाशी एकेकाळी मराठवाड्यातले उच्च शिक्षण जोडलेले होते, तेथे त्यांनी अध्यापन केले आणि १९६० साली ते अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. १९६४ साली त्यांनी द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मोजून प्रसिद्ध केली. (प्रयोगशाळेचे आणि मूलद्रव्याचे नाव जवळपास सारखे आहे, तो केवळ योगायोग.) पुढे १९७१ साली स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू असेच हलवून दाखवले.

आरगॉनसाठी रहमान यांच्या हाती एक सोपे सूत्र होते. लेनर्ड-जोन्स यांच्या नावाने ते ओळखले जाते. दोन अणू फार जवळ आले की एकमेकांना ढकलतात, थोडे दूर असले की ओढतात. किती, हे दोन अंकांनी ठरते. आरगॉन हा अलिप्त स्वभावाचा वायू, त्यामुळे त्याचे एवढ्यावर भागते. पण जेथे बंध जुळतात, तुटतात, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे सरकतात, तेथे असे हातांनी बेतलेले सूत्र अपुरे पडते. खरा नियम पुंजयामिकीचा. तो १९२० च्या दशकातच सापडला होता. पण त्यातून निघणारी समीकरणे सोडवता येण्याजोगी नाहीत, ही अडचण डिरॅक यांनी १९२९ सालीच नोंदवली होती. १९६० च्या दशकात वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्सिटी फंक्शनल थिअरी मांडून वाट बरीच सुकर केली (त्यासाठी कोन यांना १९९८ साली नोबेल मिळाले). तरीही या पद्धतीत अणू दसपट केले की गणित साधारण हजारपट वाढते. म्हणजे एकीकडे स्वस्त पण ढोबळ सूत्र, दुसरीकडे बरेचसे खरे पण न परवडणारे गणित. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कोंडी परकी वाटू नये. लक्षणग्रंथातल्या व्याख्येने कविता चटकन ओळखता येते, पण बरीचशी हातून निसटते; आणि प्रत्येक कविता तिच्या सर्व संदर्भांसह वाचू म्हटले, तर आयुष्य पुरत नाही.

या कोंडीतून निघालेली तिसरी वाट म्हणजे प्रस्तुत विषय. रहमान यांच्याबरोबर काम केलेले इटालियन शास्त्रज्ञ मिकेले पारिनेलो यांनी येर्ग बेलर यांच्यासह २००७ साली एक पद्धत मांडली. यंत्राला सूत्र द्यायचे नाही. पुंजयामिकीने काळजीपूर्वक मोजलेल्या अणुरचना त्याच्यापुढे ठेवायच्या: अणू असे बसले असता ऊर्जा इतकी, तसे बसले असता तितकी. प्रत्येक अणूने आपल्याभोवती सहाएक आंगस्ट्रॉमच्या वर्तुळात (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कोण कोण शेजारी आहेत ते पाहायचे. त्या शेजारावरून त्या अणूच्या वाट्याची ऊर्जा न्यूरल नेटवर्कने अंदाजायची. साऱ्या वाट्यांची बेरीज म्हणजे पदार्थाची ऊर्जा, आणि अणू किंचित हलवला असता ती कशी बदलते, त्यावरून बल. हे एकदा शिकून झाले, की पुढचे मोजमाप पुंजयामिकीच्या जवळपासच्या अचूकतेने आणि कितीतरी पटींनी वेगाने होते. अणू दुप्पट केले तर काम दुप्पटच होते.

आपल्या परंपरेत शाब्दबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. या यंत्राची सारी भिस्त त्यांपैकी संनिधीवर आहे, असे म्हणता येईल. शब्दाला संगतीने अर्थ येतो, तशी अणूला शेजाराने ऊर्जा येते. परंतु वाक्यातली आकांक्षा पुष्कळदा दूरच्या पदाची असते. अणूंतही विद्युतभारांची ओढ वर्तुळापलीकडे पोहोचते आणि मूळ पद्धतीला ती दिसत नव्हती. पुढच्या काही पद्धतींनी ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न केले आहेत, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

या विद्येचे यश लहान नाही. २०२० साली अमेरिकेतल्या 'समिट' या महासंगणकावर याच पद्धतीने दहा कोटी अणूंचे सिम्युलेशन झाले आणि त्या कामाला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. ८६४ पासून दहा कोटी, तेही अवघ्या ५६ वर्षांत. आपल्याकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. पुण्याच्याच आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' आला. तेव्हा हे काही सातासमुद्रापलीकडचे प्रकरण राहिलेले नाही. यंत्र आले म्हणजे प्रज्ञा गेली, असा सूर आपल्या चर्चासत्रांतून हल्ली वारंवार ऐकू येतो. मला तो मान्य नाही. येथे यंत्राने माणसाची जागा घेतलेली नाही. जे गणित कोणाच्याच आवाक्यात नव्हते ते आवाक्यात आणले आहे.

आणि हा विषय सातपुड्याच्या रक्ताशी जोडलेला आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा आजार किती घरांत आहे, हे नंदुरबार जिल्ह्यात शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही; वर्गात अंग दुखते म्हणून मान टाकून बसलेली मुले आम्ही सारेच पाहतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली याच आजाराला 'रेण्वीय आजार' म्हटले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. पोथीत एक अक्षर बदलावे, तसे. त्या एका बदलामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून दोर वळतात आणि रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. हा दोर कसा वळतो हे अणूअणूने पाहता आले तर! शिबिरात हा प्रश्नही आला. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. हजारो अणूंच्या या गर्दीसाठी संगणकाने सेकंदाला एक हजार पावले टाकली असा उदार वेग धरला, तरी रक्तातल्या एका सेकंदाचे दृश्य उभे करायला सुमारे बत्तीस हजार वर्षे लागतील. म्हणून शास्त्रज्ञ आडवाटा शोधतात, लहान तुकडे पाहतात. २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवणारे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले आहे. त्याचा भार आज तरी रक्ततपासणी, औषध आणि समुपदेशन यांवरच आहे. यंत्र पुढे कितीही मोठे झाले तरी त्याला कोणता प्रश्न विचारायचा, कोणाच्या शरीरातले रेणू आधी दाखवायचे, हे माणसेच ठरवणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. या यंत्राचा दोष त्याच्या अज्ञानात नाही. अज्ञान कोणाला चुकले आहे? शिकवणीत कधी न आलेली रचना समोर आली तरी ते त्याच ठामपणे उत्तर देते, हा त्याचा खरा दोष. २०२२ साली काही संशोधकांनी अशा पद्धतींची कसोटी घेतली, तेव्हा असे आढळले की परीक्षेतल्या उदाहरणांवर बलाचे अंदाज अगदी अचूक असूनही प्रत्यक्ष सिम्युलेशन काही वेळाने कोलमडते. लहान लहान चुका साचत जातात, रचना ओळखीच्या प्रदेशाबाहेर सरकते आणि तेथे यंत्र भलतेच काही सांगू लागते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका निष्कर्षाने मला अधिक अस्वस्थ केले. 'कोणत्याही पदार्थाला चालेल' असा दावा असलेली काही व्यापक मॉडेल्स तपासली गेली. त्यांची शिकवणी मुख्यतः स्फटिकांच्या स्थिर, शांत अवस्थांवर झाली होती. ताणलेल्या, विस्कटलेल्या, अडथळा ओलांडणाऱ्या अवस्थांविषयी विचारले, तेव्हा ती सारी एकाच दिशेने चुकली: ऊर्जेचे उतार जेवढे तीव्र असतात, त्यापेक्षा त्यांना सौम्य दिसले. शास्त्रज्ञांनी या दोषाला 'मऊ पडणे' अशा अर्थाचे नाव दिले आहे. शांततेवर शिकलेल्याला जग आहे त्यापेक्षा मऊ दिसते.

हे वाचताना मला तोरणमाळच आठवले. साडेअकराशे मीटर उंचीवरचे हे 'थंड हवेचे ठिकाण' मराठी वाचकाला कसे ठाऊक आहे? श्रावणातले ढग, सीताखाईची दरी, कमळांचे तळे, गोरखनाथाची महाशिवरात्रीची यात्रा. वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून आणि आपल्या प्रवासवर्णनांतून हीच उदाहरणे पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले एकही खोटे नाही. परंतु उसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची कुलपे लागलेली घरे, झोळी करून दवाखान्यापर्यंत आणलेला रोगी, वैशाखातला झिरा, ही उदाहरणे शिकवणीत नसतात. मग अशा वाचकाच्या मनातला डोंगर मऊ पडतो. त्याचे चढ प्रत्यक्षात जेवढे उभे आहेत तेवढे त्याला कधी वाटत नाहीत.

येथे माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक पावरा विद्यार्थी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय घेऊन आला. त्याला त्याच्या पाड्यावर इंदलच्या रात्री गाइल्या जाणाऱ्या गाण्यांवर लिहायचे होते. त्याने दहा-बारा गाणी देवनागरीत उतरवून आणली होती, शेजारी मराठी अर्थ. मी ती वाचली, आणि पुनरुक्तीचा दोष फार आहे, प्रतिमांचा विकास नाही, काव्य म्हणून विवेचनाला फारसा वाव नाही, असे त्याला समजावून सांगितले. आवाज मृदू होता माझा. मार्गदर्शकाचा असतो तसा. त्याने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात एका मान्यवर कादंबरीकारावरचा विषय आणला. तो प्रबंध मंजूर झाला. चांगले गुणही मिळाले.

याच शिबिराच्या शेवटच्या रात्री मुलांनी शेकोटीभोवती फेर धरला आणि त्यांतले एक गाणे गाइले. ओळ तीच, दर वेळी एकच शब्द बदले, आणि तो शब्द येई तेव्हा फेराचे पाऊल वळे. ज्याला मी पुनरुक्ती म्हटले होते, ती पावलांना लागणारी जमीन होती. छापील, एकट्याने मनात वाचायच्या कवितेवर माझी सारी शिकवणी झालेली. गाणारी, नाचणारी, रात्रभर चालणारी रचना माझ्या उदाहरणांत नव्हती. आणि तरीही मी उत्तर दिले होते, तेवढ्याच ठामपणे.

आपल्या समीक्षेचा इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. १९६० नंतर दलित साहित्य आले, तेव्हा अनुभवाची अलिप्तता, आविष्काराची संयतता यांविषयीचे अनेक दंडक अपुरे ठरले. ते दंडक काही मूर्ख माणसांनी केलेले नव्हते. ते विशिष्ट उदाहरणांवरून, विशिष्ट घरांतल्या जगण्यावरून तयार झालेले होते, इतकेच. याच परिसरातले भिल्ल कवी आणि कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या संग्रहाचे नाव आपण आदिवासी साहित्याच्या यादीत घेतो. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून आदिवासींनाच सांगणाऱ्यांविषयी त्यांची 'स्टेज' ही कविता आहे. मी ती दरवर्षी शिकवते. शिकवताना मी कोठे उभी असते, हा प्रश्न मला त्या विद्यार्थ्याला परत पाठवतानाही पडला नाही.

अणुशास्त्रज्ञांनी आपल्या यंत्राच्या या दोषावर काय उपाय काढला, ते म्हणूनच पाहण्याजोगे आहे. एकच मॉडेल न घडवता ते अनेक मॉडेल्स घडवतात, प्रत्येकाची सुरुवात वेगळी ठेवतात आणि मग एकाच रचनेविषयी सर्वांना विचारतात. उत्तरे जुळली तर पुढे जायचे. जेथे ती फाकतात, तेथे आपल्याला काही ठाऊक नाही असे समजायचे, थांबायचे, त्या रचनेचे पुंजयामिकी गणित नव्याने करायचे आणि ते उदाहरण शिकवणीत घालायचे. याला ते समितीच म्हणतात. आपल्याकडेही समित्या पुष्कळ आहेत: अभ्यासमंडळे, पुरस्कार समित्या, संपादक मंडळे. फरक एवढाच, की सदस्यांची शिकवणी बहुधा एकाच पुस्तकांवर झालेली असते, त्यामुळे मतभेद होत नाहीत, आणि मतभेद नाही यालाच आपण वस्तुनिष्ठता समजतो. एकाच उदाहरणांवर शिकलेली मॉडेल्सही एकमुखाने चुकू शकतात. मऊ पडण्याचा दोष नेमका तसाच होता.

या तुलनेवर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अणू म्हणजे माणूस नव्हे. आरगॉनच्या दोन अणूंची अदलाबदल केली तर काहीच बदलत नाही. दोन पाड्यांची, दोन गायकांची तशी अदलाबदल करता येत नाही. अणूच्या बाबतीत शेवटी दाद मागायला पुंजयामिकी आहे. कवितेच्या बाबतीत असे वरचे न्यायालय नाही. आणि यंत्राला आपल्या चुकीची लाज वाटत नाही, म्हणून त्याचे नीतीचे धडे आपण गिरवावेत असे मी म्हणत नाही. मी सुचवते आहे ती एक सवय आहे. निर्णय देण्यापूर्वी आपण कशावर शिकलो ते उघड सांगण्याची, आणि हद्द आली की थांबण्याची. या बाबतीत त्या शास्त्रज्ञांनी आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिक व्यवहार केला आहे, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

२०२४ च्या त्या निष्कर्षातला एक भाग राहिला. मऊ पडलेली मॉडेल्स दुरुस्त करण्यासाठी प्रचंड नवी सामग्री लागत नाही. चूक एकाच दिशेची असल्यामुळे, ताणलेल्या अवस्थांची अगदी मोजकी उदाहरणे दाखवली तरी ती पुष्कळशी सावरते. अभ्यासक्रमात जागा नाही, संहिता मिळत नाहीत, शिक्षक तयार नाहीत, अशी कारणे आपण अभ्यासमंडळांत देतो, तेव्हा हे आठवावे. पावरी गाण्यांचा स्वतंत्र पेपर उद्या होणार नाही, कबूल. पण पदवीच्या एका वर्षात एक गाणे, ते गाणाऱ्याला वर्गात बोलावून, फेरासह शिकवता येईल.

तो विद्यार्थी आता एका आश्रमशाळेत शिकवतो. शिबिराहून परतल्यावर मी त्याला फोन केला, गाण्यांची ती वही अजून आहे का म्हणून विचारले. "आहे मॅडम," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "पण त्यातली निम्मी मी तेव्हा तुमच्यासाठी लहान करून लिहिली होती. पुन्हा ऐकून लिहायला लागतील."